रात्रीचा फोन कोण उचलणार?

प्रश्न:

ताई,

मी स्टाफ नर्स आहे. चौदा वर्षं झाली, त्यातली शेवटची सात आयसीयूत. आता एका होम केअर कंपनीने मला क्लिनिकल मॅनेजर म्हणून बोलावलंय. त्यांच्याकडे चाळीसेक नर्स आणि अटेंडंट आहेत, घरोघरचे मिळून सत्तर-ऐंशी पेशंट. ऑफर लेटर हातात आहे, सही करायला पंधरा दिवस दिलेत.

वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणतात, "सुटलीस बाई! आता खुर्चीत बस." प्रेमानेच म्हणतात, पण मला ते टोचतं, कारण आतून मलाही सुटल्यासारखंच वाटतंय. पाठ गेली आहे. नाईट झाली की दोन दिवस माणसात येत नाही. पण मागच्या आठवड्यात एका आजोबांच्या घशातला कफ सक्शनने काढून निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. ट्रॅकिऑस्टॉमीमुळे, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी घातलीय म्हणून, त्यांना बोलता येत नाही. नुसतं धरून ठेवलं. तेव्हापासून वाटतंय, हे सोडून मी नेमकं काय करायला चाललेय? एक्सेल भरायला?

दुसरी भीती अशी की मला कुणाला बोलता येत नाही. ज्युनिअरने चूक केली तर मी गुपचूप निस्तरून टाकते. अशी बाई चाळीस जणींना काय सांभाळणार? आणि हात एकदा सुटला की परत बसत नाही म्हणतात, ते खरं का?

— एक नाईटवाली

उत्तर:

नाईटवाली,

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य आजोबांच्या मनगटाचं नाही. 'गुपचूप निस्तरून टाकते', हे आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी 'सुटलीस'चं बघू, ते लवकर उरकेल.

पाठ गेली म्हणून काम बदलायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. जड पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवणाऱ्या बाईची पाठ जन्मभर टिकेल असं कुणी लिहून दिलेलं नसतं. पण खुर्चीत बसायला मिळेल म्हणून जात असशील तर जाऊ नकोस. खुर्ची मिळते, बसायला मिळत नाही. वॉर्डात हँडओव्हर दिला की तू मोकळी. पेन खिशात, पर्स खांद्यावर, विषय संपला. या कामात हँडओव्हर घ्यायला समोर कुणी नसतं. मी अकरा वर्षं हे काम केलं आणि त्यातली पहिली दोन मोबाइल उशीखाली ठेवून झोपले. (ठेवू नये म्हणतात. ठेवला.)

आता 'बेडसाइड सोडून चाललेय' ही बोचणी. खरं नर्सिंग हॉस्पिटलात, घरचं ते दुय्यम, असं आपल्या सगळ्यांच्याच मनात कुठेतरी बसलेलं असतं. म्हणून तुला एक जुनी हकिगत सांगते. १८५९ साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या आजारी बायकोसाठी मेरी रॉबिन्सन ही नर्स घरी ठेवली होती. बायको गेली. पण पैसा असलेल्या आपल्या घरात नर्समुळे तिला एवढा आराम मिळाला, तर ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्या घरात आजारी माणसाचं काय होत असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने रॉबिन्सनबाईंना तीन महिन्यांसाठी शहरातल्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन शुश्रूषा करायला सांगितलं. महिन्याभरात त्या रडत परत आल्या. हे दैन्य बघवत नाही, मला मोकळं करा म्हणाल्या. रॅथबोनने समजूत घातली, त्या पुन्हा गेल्या, आणि तीन महिने भरले तेव्हा हेच काम पुढे करायचं म्हणून त्याच मागे लागल्या. नंतर त्याने फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेतला, १८६२ मध्ये लिव्हरपुलात नर्सिंगची शाळा उघडली, आणि पुढच्या काही वर्षांत शहराचे १८ भाग पाडून भागवार नर्स आणि तिच्यामागे देखरेखीला एकेक बाई अशी व्यवस्था बसली.

या हकिगतीत मला रॅथबोनपेक्षा तो पहिला महिना जास्त दिसतो. कसलेली नर्स महिन्यात रडकुंडीला का आली? माझा अंदाज सांगते: पेशंट अवघड होते म्हणून नव्हे, ती तिथे एकटी होती म्हणून. आणि ती पुन्हा जाऊ शकली, कारण रडत यायला तिला एक दार होतं. ते दार म्हणजे तुझी नवी नोकरी.

तुझ्या आयसीयूत मॉनिटर ओरडला की तीन डोकी वळतात. तातडीच्या औषधांचं क्रॅश कार्ट दहा पावलांवर असतं. शंका आली तर शेजारच्या बेडवरच्या सिस्टरला नुसत्या भुवईने विचारता येतं. घरी जाणाऱ्या नर्सकडे यातलं काहीही नाही. खाट बुटकी, उजेड अपुरा, प्लगपॉइंट पलंगाच्या मागे. वरून ती त्या घरात पाहुणी. वॉर्डात नातेवाइकांना 'बाहेर थांबा' म्हणणारी तीच मुलगी इथे बाथरूम कुठे आहे हे विचारायलाही संकोचते. चोवीस वर्षांची पोर, दोन वर्षांचा अनुभव, रात्रीचे अडीच, पेशंट धापा टाकतोय आणि घरातले चौघं तिच्या तोंडाकडे बघतायत. अशा चाळीस जणी तुझ्या असतील. त्या एकट्या असतात, पण त्यांना एकटं पडू द्यायचं नाही, एवढंच तुझं काम. एक्सेल त्यातच कुठेतरी असतं.

आणि म्हणूनच 'गुपचूप निस्तरून टाकते'ची मला काळजी वाटते. मीही तशीच होते.

सुपरवायझर झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका घरी व्हिजिटला गेले. पक्षाघाताचे पेशंट, लघवीसाठी कॅथेटर, नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब. आमची सिस्टर फीड द्यायच्या तयारीत होती. पेशंटचं डोकं पुरेसं उंच नव्हतं, लघवीची पिशवी पलंगावर मांडीशेजारी ठेवलेली. मी काय केलं असेल? पर्स बाजूला ठेवली, हात धुतले आणि सगळं स्वतः केलं. पाठीमागे उशा लावल्या, पिशवी खाली अडकवली, नळी जागेवर आहे ना ते तपासलं, फीड दिलं, तोंड पुसलं. पंधरा मिनिटांत पेशंट स्वच्छ, घरचे खूश. सिस्टर सगळा वेळ भिंतीला टेकून उभी होती. फीडनंतर अर्धा-पाऊण तास आडवं करू नका, हेही घरच्यांना मीच सांगितलं, तिच्यादेखत. घरी जाताना मला फार छान वाटत होतं, अगदी वॉर्डासारखं.

तिसऱ्या दिवशी त्या घरातून फोन. "तुमच्या या सिस्टरला काही येत नाही वाटतं. त्या मोठ्या सिस्टर रोज येतील का?" आठवड्याने सिस्टरने ती केस सोडली, महिन्याने आमची कंपनी. पेशंटला माझी पंधरा मिनिटं मिळाली आणि त्याच्या बाराबारा तासांच्या नर्सवरचा घरच्यांचा विश्वास मी उडवून आले. चूक निस्तरताना आपण दयाळूपणा करतोय असं वाटतं, पण समोरची त्यातून काही शिकत नाही. आपला हात तेवढा सरस ठरतो. तुझ्यासारख्या चांगल्या हाताच्या नर्सला याचा मोह सगळ्यात जास्त होणार. खिशात हात घालून उभं राहायला शीक. मी खरंच घालत असे, ॲप्रनच्या खिशात, दोन्ही. तिला विचारायचं, "पिशवी कुठे हवी? का?" तिने सांगितलं, तिने खाली लावली, घरच्यांनी ते तिला करताना पाहिलं. फक्त पेशंटला लगेच इजा होणार असेल तेव्हाच हात बाहेर.

'बोलता येत नाही' म्हणतेस तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर बहुधा एखादी करड्या आवाजाची मेट्रन असते. तसं बोलायची गरज पडत नाही. तुला बोलण्यापेक्षा जास्त ऐकावं लागणार आहे, तेही फोनवर, तेही घाबरलेल्या माणसाचं. घाबरलेली नर्स फोनवर 'मॅडम, पेशंट कसेतरीच करतायत' असं म्हणते. त्यावर 'कसेतरीच म्हणजे काय गं?' असं खेकसलं की संपलं. मी घड्याळ बघून म्हणायचे, "श्वास मोज. पूर्ण एक मिनिट. मी फोनवर आहे, ठेवत नाही." त्या एका मिनिटात दोन गोष्टी होतात. तिच्या हाताला काम मिळतं, आणि मला आकडा मिळतो. मिनिटाला १८ आला तर आपण सावकाश पुढचं विचारू. २५ किंवा त्याच्या वर आला तर बाकीचं नंतर. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात असलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली न्यूज ही पेशंट बिघडतोय का ते ओळखायची गुणपद्धत तू आयसीयूत पाहिली असशील. तिच्यात श्वासाचा वेग २५ वर गेला की त्या एकाच नोंदीला ३ गुण पडतात, आणि एकाच नोंदीला ३ म्हणजे तातडीने कुणीतरी जाणत्याने बघायलाच हवं. घरी मॉनिटर नसतो, पण मनगटावर घड्याळ असतं.

पेशंटची माहिती सांगायची एसबार पद्धत तुला पाठच असेल: आत्ता काय झालंय, मागचं काय, तुझा अंदाज काय, माझ्याकडून काय हवंय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची ही पद्धत नंतर हॉस्पिटलांत आली. पाणबुडी आणि घरातला पेशंट यांच्यात बरंच साम्य आहे म्हण, बाहेरून काही दिसत नाही. फक्त एक कर, तिसरा प्रश्न कधी गाळू नकोस. 'तुला काय वाटतंय?' ज्युनिअर नर्सला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. पहिल्यांदा ती गप्प बसते. चौथ्या-पाचव्यांदा उत्तर तयार ठेवून फोन करते. आणि सगळे आकडे ठीक असूनही ती म्हणाली की 'मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये', तर आकड्यांचं नाही, तिचं ऐकायचं.

आता एक गोष्ट जी मला आजही आठवली की कसंतरी होतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचे पेशंट. रात्री वीज गेली. अशा वेळेसाठी भरलेला सिलिंडर घरात ठेवलेला होता, रजिस्टरमध्ये 'सिलिंडर तपासला' अशी रोजची सही होती. सिस्टर सिलिंडरजवळ गेली तर तो उघडायची चावी नाही. कुठे गेली कुणालाच माहीत नाही. मोबाइलच्या उजेडात शोधाशोध. शेवटी घरातल्या मुलाने गाडीतला पाना आणून व्हॉल्व्ह उघडला. पेशंट वाचले. मला सकाळी कळलं आणि मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "ड्युटीवर कोण होतं?"

पुढचे दोन महिने माझ्याकडे एकही इन्सिडेंट रिपोर्ट आला नाही. मी खूश! सगळं सुरळीत चाललंय असं वरिष्ठांना सांगितलं. मग एका जुन्या अटेंडंट मावशींनी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, पोरी आता तुम्हाला सांगत नाहीत."

पहिला प्रश्न 'कोण'चा नसतो. 'काय काय झालं ते पहिल्यापासून सांग' असा असतो. तसं विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं की चावी सिलिंडर देणारा माणूसच परत घेऊन जात होता, आणि रोजची सही सिलिंडर 'आहे' याची होती, 'उघडतो' याची नव्हती. उपाय काय केला? चावी दोरीने सिलिंडरच्या मानेला बांधायची. एवढाच. आणि सहीच्या रकान्यात 'तपासला' खोडून 'उघडून पाहिला' लिहिलं. ज्युनिअरची चूक गुपचूप निस्तरणारी तू आणि 'कोण होतं' म्हणून ओरडणारी मी, आपण दोघी एकच करत होतो: चूक कागदावर येऊ देत नव्हतो. तू मायेने, मी रागाने. तुझ्या प्रकारात निदान पोरी तुझ्याकडे येतात तरी. त्याच्यावर पुढचं बांधता येईल, म्हणून मला तुझी आशा वाटते.

आकड्यांना उगाच भितेस. इनटेक-आउटपुट चार्टवरून किडनीचं दुखणं ओळखणारी बाई एक्सेलला घाबरते हे मला पटत नाही. बघायचं काय, तर पेशंट किती पडले, नवे बेडसोअर किती, महिन्याभरात किती जण परत हॉस्पिटलात गेले, किती ड्युट्या रिकाम्या गेल्या, किती नर्सनी नोकरी सोडली. आणि आकडा फार छान दिसला की संशय घ्यायचा. बेडसोअरच्या धोक्यासाठी ब्रेडन स्केल असतो, ६ पासून २३ पर्यंत, कमी आकडा म्हणजे जास्त धोका. एका फाइलमध्ये मी सलग एकवीस दिवस १५ पाहिला होता. मधल्या दिवसांत पेशंटला जुलाब झालेले, त्याची नोंद त्याच फाइलमध्ये, शेजारच्या पानावर. अंथरूण ओलं होत होतं आणि ओलाव्याचा गुण जिथल्या तिथे. म्हणजे कुणी पाठ बघितलीच नव्हती, काल लिहिलेला आकडा आज उतरवला होता. हे ऑफिसातल्या एक्सेलवाल्याला कधीच दिसणार नाही. तुला दिसेल. त्यासाठीच तुला बोलावलंय, त्यांना ते माहीत असो वा नसो.

नवी केस घ्यायला जाशील तेव्हा औषधांची चिठ्ठी मागू नकोस. डबा माग. घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी टेबलावर काढायला सांग. एका बाईंना रोज सकाळी उठलं की चक्कर यायची, अशक्तपणा म्हणून सगळे सोडून देत होते. डबा ओतला तर दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिप्स, आणि त्या नावांखाली बारीक अक्षरांत एकच ब्लड प्रेशरचं औषध. हॉस्पिटलातून सुटताना एका कंपनीचं लिहून दिलेलं, घरात आधीपासून दुसऱ्या कंपनीचं चालू. मुलगी इमानेइतबारे दोन्ही देत होती. असे डबे तू पहिल्या महिन्यातच चार-पाच बघशील. त्याच फेरीत बघून घे की वीज गेली तर काय, जिन्यावरून स्ट्रेचर वळतं का, रात्री घरात जागं कोण असतं, आणि निर्णय कुणाचा चालतो. हे शेवटचं, बोलतो सगळ्यात जास्त तोच असतो असं नाही.

घरच्यांशी तुझी खरी झटापट अटेंडंटवरून होईल. महिना झाला की घरातले म्हणू लागतात, "तेवढं इन्सुलिन टोचून दे की, रोज बघतेस ना." ती बिचारी नाही म्हणू शकत नाही, तिला त्या घरात दिवस काढायचेत. 'नाही' म्हणणं तुझं काम. इंजेक्शन, सक्शन, नळीतून फीड, ज्याला ज्याचं प्रशिक्षण त्यानेच करायचं, आणि ते पहिल्याच दिवशी, लेखी, घरच्यांच्या सहीनिशी. तिने तुझ्याकडे बोट दाखवावं: 'मॅडमनी नाही सांगितलंय.' वाईटपणा तू घे, त्याचाच पगार आहे.

दुसरं 'नाही' कंपनीच्या आत म्हणावं लागेल, ते जास्त जड जातं. मार्केटिंगवाला केस आणतो. पेशंट व्हेंटिलेटरवर, आणि त्या शिफ्टला व्हेंटिलेटर हाताळलेली एकही नर्स मोकळी नाही. "आज कुणालाही पाठवा, उद्या बदलू" हे वाक्य तू ऐकशील. म्हणून सही करण्याआधी तोंडावर विचार: केस नाकारायचा अधिकार मला आहे का? 'अर्थातच, पण आपण चर्चा करू' असं उत्तर आलं तर नाही असं समज आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून माग. माझी वरिष्ठ कोण, तिने कधी पेशंट बघितलाय का, हेही विचार. मॅनेजर हा शब्द फार लवचीक आहे. काही ठिकाणी त्याचा अर्थ फक्त ड्युट्या लावणारी असा होतो.

आणि मॅनेजर हवाच का, असंही विचारणारे आहेत. नेदरलँड्समध्ये योस द ब्लॉक या नर्सने २००६ मध्ये ब्युर्टझोर्ग नावाची संस्था काढली. जास्तीत जास्त बारा नर्सची एक तुकडी, आपला भाग, आपले पेशंट, आपल्या ड्युट्या त्याच ठरवतात. वर साहेब नाही, अडलं तर कोच आहे. सगळीकडे जसंच्या तसं जमेल असं मी म्हणत नाही, नव्या पोरींना आधी टेकू लागतो. पण ड्युट्यांचा तक्ता एकटीने ऑफिसात बसून लावण्यापेक्षा त्या भागातल्या सात-आठ जणींना दर आठवड्याला एकत्र बसवून लावून बघ. अर्धी भांडणं तिथेच मिटतात, आणि मुख्य म्हणजे त्या एकमेकींना ओळखू लागतात. रात्री अडीचला तुझ्याआधी एकमेकींना फोन करू लागल्या तर तू जिंकलीस.

एका गोष्टीची वॉर्डात सवय नसते. वॉर्डात पेशंट गेला तर बेड आवरून नवा पेशंट येतो आणि तुझी नोकरी तीच राहते. घरी आठ महिने एकाच आजींकडे जाणाऱ्या सिस्टरचं, आजी गेल्या की माणूस आणि ड्युटी एकाच सकाळी जाते. आणि शेड्यूलवाला त्याच संध्याकाळी नव्या पत्त्याचा मेसेज टाकतो, त्याच्या मते तो तिची सोयच बघत असतो. तो मेसेज अडवायचा. तिला फोन करून फक्त शेवटची रात्र कशी गेली ते विचारायचं. ती बोलेल. बराच वेळ बोलेल.

राहता राहिला हात. हो, सुटतो. सहा महिन्यांत शिरेवरचा तुझा आत्ताचा सराव राहणार नाही आणि एखादी ज्युनिअर तुझ्यासमोर पहिल्या फटक्यात लाइन लावेल तेव्हा पोटात थोडं कालवेल. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत, आणि त्यातली बोचणारी पण खरी गोष्ट ही की तज्ज्ञ नर्स अनोळखी कामात शिरली की पुन्हा नवखी होते. तू चौदा वर्षांनी नवखी होणार आहेस. पहिलं वर्ष स्वतःचाच राग येईल. आठवड्यातला एक पूर्ण दिवस घरांमध्ये घालव, तपासणीला नव्हे, एखाद्या नर्सची जोडीदार म्हणून, ती सांगेल ते करायला. पेशंटला कुशीवर वळवताना दुसरी बाजू धर. पाठीला फार त्रास होणार नाही, दोघी असाल.

मैत्रिणींमधल्या कुणी तुझ्याच हाताखाली आल्या तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण होईल. एवढंच सांगते, त्यांना सोयीच्या ड्युट्या देऊ नकोस आणि मुद्दाम गैरसोयीच्याही देऊ नकोस. दुसरं जास्त होतं.

आजोबांनी मनगट का धरलं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. त्यांना भीती वाटली असेल, किंवा सक्शन नीट झाल्याचं सांगायचं असेल. पुढच्या नाईटला पाटी आणि पेन घेऊन जा आणि विचार. तुझ्याकडे अजून पंधरा दिवस आहेत.

माझं मत विचारशील तर घे ही नोकरी. पण सहीच्या आधी एक कर. कंपनीच्या जाहिरातीवर चोवीस तासांचा मदतीचा नंबर असेल. रात्री साडेअकरानंतर त्यावर फोन लाव. खोटी केस सांगू नकोस, उगाच कुणाची धावपळ नको. 'घरी पेशंट ठेवला आणि रात्री काही झालं तर तुमच्याकडे कुणाशी बोलता येतं' एवढंच विचार. किती रिंगांनी उचलतात, उचलणारा नर्स आहे की कॉल सेंटरचा मुलगा, आणि तो आधी पत्ता विचारतो की पेशंट कसा आहे ते, हे लिहून ठेव. कुणी उचललाच नाही तर तेही लिही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफर लेटरसोबत तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बस.

— ताई